‘कन्स्पिक्युअस’ : अर्थ, उच्चार आणि नेमका वापर

माझ्या बारावीच्या वहीत एक ओळ होती : कन्स्पिक्युअस म्हणजे ठळक. ती मी शंभरदा घोकली. पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजीच्या निबंधात एका प्रसिद्ध नेत्याबद्दल लिहिताना मोठ्या विश्वासाने ‘कन्स्पिक्युअस लीडर’ असं लिहून आले. मॅडमनी शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं, ‘कुठे दिसला?’ तो प्रश्न मला समजायला दोन वर्षं लागली.

आता आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, ग्रामपंचायतीच्या माडीवर एक छोटी अभ्यासिका आहे. संध्याकाळी वावरातून आलेली, हातपाय धुऊन बसलेली पोरं-पोरी तिथे इंग्रजी करतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, त्यामुळे हा विषय टाळून चालत नाही. त्यांच्या वह्यांमध्ये मला माझीच जुनी ओळ दिसते. म्हणून हा एकच शब्द घेऊन, तो मुळापासून कसा शिकायचा ते लिहिते आहे. तुमची दोन वर्षं वाचावीत, एवढीच इच्छा.

१. बसण्याआधी जवळ काय हवं

एक कोरी वही. नुसत्या अर्थांचीच नाही, उदाहरणवाक्यंही देणारी इंग्रजी-मराठी डिक्शनरी. उच्चार ऐकायला मोबाइल, शक्यतो कानाला लावायच्या वायरीसह, कारण अभ्यासिकेत दुसरेही बसलेले असतात. आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका. ‘पाच हजार महत्त्वाचे शब्द’ अशा छापाची पुस्तकं सध्या बाजूला ठेवा. ती उजळणीला बरी आहेत, पण शब्दाची पहिली ओळख त्यांच्यातून करून घेऊ नका. एका शब्दापुढे एकच मराठी अर्थ वाचला की मन तिथेच थांबतं.

२. आधी कान, मग स्पेलिंग

उच्चार असा : कन्-स्पिक्-यु-अस. जोर ‘स्पिक्’वर. पहिलं अक्षर हलकं, जवळजवळ गिळलेलं. आपल्याकडे ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं तसं इथे ‘कनइस्पिक’ होऊ देऊ नका. ‘न’ आणि ‘स’ एकमेकांना चिकटलेले राहू द्या. दहा वेळा मोठ्याने म्हणा, लाजू नका.

दुसरी चूक जास्त होते. बरीच पोरं ‘कॉन्स्पिशिअस’ म्हणतात, कारण ‘डिलिशस’, ‘सस्पिशस’ हे शब्द कानात बसलेले असतात. हाच फरक स्पेलिंगला उपयोगी पडतो. शेवटी ‘श’ ऐकू आला तर बहुधा सी-आय-ओ-यू-एस. इथे ‘श’ नाही, ‘क्यु’ आहे, म्हणून सी-यू-ओ-यू-एस. पूर्ण स्पेलिंग ११ अक्षरांचं : सी, ओ, एन, एस, पी, आय, सी, यू, ओ, यू, एस. शेवटच्या ‘ओ’च्या दोन्ही बाजूंना ‘यू’ आहे. पहिला ‘यू’ खाल्ला जातो, तेवढ्यावर नजर ठेवा.

३. मूळ बघा, ते आपल्या घरातलंच आहे

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. त्याच क्रियापदावरून ‘इन्स्पेक्ट’ (आत डोकावून पाहणे), ‘स्पेक्टेटर’ (पाहणारा), ‘रिस्पेक्ट’ (वळून पाहणे), ‘सस्पेक्ट’ (खालून, संशयाने पाहणे) हे सगळे निघाले. सुरुवातीला लागलेला ‘कॉन’ इथे जोर देण्यासाठी आहे. म्हणजे मूळ अर्थ : चांगलंच दिसणारं.

लॅटिन आणि संस्कृत या एकाच जुन्या कुळातल्या भाषा आहेत. ज्या धातूपासून लॅटिनचा ‘स्पेक्’ आला, त्याच धातूपासून संस्कृतात ‘स्पश्’ आणि ‘पश्यति’ आले, आणि ‘स्पश्’पासून आपला ‘स्पष्ट’. ‘स्पष्ट’ आणि ‘कन्स्पिक्युअस’ हे दूरचे चुलतभाऊ आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा या शब्दाची भीती तिथल्या तिथे गेली. तुम्हीही वहीत दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहा आणि दोघांतल्या ‘स्प’खाली रेघ मारा.

याच घराण्यातला आणखी एक शब्द सांगायचा मोह आवरत नाही : ‘ऑस्पिशस’, म्हणजे शुभ. लॅटिनमध्ये ‘आविस’ म्हणजे पक्षी, आणि पुढे तेच ‘स्पेक्’. जुन्या रोममध्ये पक्षी पाहून शकुन सांगत. आपल्या ‘शकुन’चा संस्कृतातला मूळ अर्थही पक्षीच आहे. दसऱ्याला नीळकंठ दिसावा म्हणून वावरात मान वर करून फिरणाऱ्या आमच्या आजीला हा शब्द एका दमात समजला असता.

४. अर्थ ठरवायला तीन प्रश्न

शब्द वापरण्याआधी मनात विचारा : डोळ्यांना दिसतंय का? कशाच्या पुढ्यात दिसतंय? कुणाला दिसतंय?

पहिला प्रश्न म्हणजे मॅडमचा ‘कुठे दिसला?’ हा शब्द मोठेपणाचा नाही, दिसण्याचा आहे. नेता प्रसिद्ध असेल तर तो ‘फेमस’ किंवा ‘एमिनंट’. तोच नेता पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीत एकटा लाल पागोटं घालून उभा असेल, तर त्या गर्दीत तो ‘कन्स्पिक्युअस’. पुढे ही कल्पना डोळ्यांपलीकडेही जाते. एखाद्याचं यश, एखाद्याची चूक, एखाद्याचं नसणंही ‘कन्स्पिक्युअस’ असू शकतं. पण तिथेही ‘लपून राहिलं नाही, नजरेत आलं’ हाच भाव असतो.

दुसरा प्रश्न पार्श्वभूमीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरकवड्याकडे जाताना पाहा. जंगल सुकलेलं, पानं झडलेली, आणि मधेच पळस केशरी पेटलेला. तो पळस ‘कन्स्पिक्युअस’. तोच पळस जुलैत हिरव्या रानात शोधून दाखवा. झाड तेच आहे, आजूबाजूचं बदललं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत उभा सारस घ्या : राखाडी अंग, लाल डोकं-मान, माणसाएवढी उंची. हिरव्या धानात तो मैलावरून दिसतो.

तिसरा प्रश्न कुणी शिकवत नाही, म्हणून मी त्यावर मुद्दाम थांबते. ताडोब्याच्या वाघाचा नारिंगी रंग आपल्याला भडक वाटतो. पण चितळाच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा कळत नाही. बांबूत, वाळलेल्या गवतात पट्टेवाला वाघ त्याला जवळजवळ दिसतच नाही. चितळासाठी वाघ ‘इनकन्स्पिक्युअस’, म्हणजे नजरेत न येणारा. उलट रुईच्या पानावर काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी पाहिली आहे ना? ती मुद्दामच ‘कन्स्पिक्युअस’ असते. रुईच्या चिकाचं विष तिच्या अंगात साठलेलं असतं आणि तिचे पट्टे पाखरांना सांगतात, खाऊ नका.

आणि ‘इनकन्स्पिक्युअस’चं सगळ्यात कडू उदाहरण आपल्या पऱ्हाटीतलं आहे. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते, आणि शिरल्याचं छिद्र मागून बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, भरलेलं. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी वावरांत बोंड फोडल्यावरच कळलं की आत कापूस डागाळला आहे. नुकसान ‘ह्यूज’ होतं, पण ‘कन्स्पिक्युअस’ नव्हतं. एखादी गोष्ट मोठी असणं आणि ती दिसणं यातला फरक ज्याला या एका बोंडात समजला, त्याला हा शब्द समजला.

५. सरकारी कागदातला ‘कन्स्पिक्युअस’ : हा भाग वगळू नका

परीक्षा बाजूला ठेवा. हा शब्द तुमच्या घराच्या दारावर येऊ शकतो.

आमच्या घरचा धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद होता, शेजारच्या वावराशी. दिवाणी दावा लागला होता हे बाबांना उडतउडत माहीत होतं. मोठ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आम्ही सगळे काही दिवस अमरावतीला होतो आणि घराला कुलूप होतं. परत आलो तर दाराच्या फळीवर खळ वाळलेली आणि कागदाचा एक कोपरा. बाकीचा कागद पावसाने नेला की पोट्ट्यांनी फाडला, देव जाणे. बाबा म्हणाले, ‘कोनं हातात देल्लं नाई, सही घेतली नाई, म्हंजे समन्स भेटलंच नाई.’ मलाही ते पटलं. तारखेला कुणी गेलं नाही आणि सुनावणी आमच्याशिवाय पुढे गेली.

वकीलसाहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे १९०८ चा कायदा, उघडून माझ्यापुढे ठेवली, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. आदेश ५, नियम १७. त्यात लिहिलं आहे की, योग्य प्रयत्न करूनही प्रतिवादी सापडला नाही आणि त्याच्या वतीने समन्स घेणारंही कुणी नसलं, किंवा कुणी सही करायला नकार दिला, तर बेलिफाने, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याने, समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा घराच्या दुसऱ्या एखाद्या ‘कन्स्पिक्युअस पार्ट’वर चिकटवावी, आणि कोणत्या परिस्थितीत, कुणासमोर चिकटवली याचा अहवाल कोर्टाला द्यावा. मी वाचलं आणि म्हणाले, ‘ठळक भाग म्हणजे घराचा मुख्य भाग ना? देवघर? बैठक?’ वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी बेलिफाचा मराठी अहवाल दाखवला. त्यात होतं : ‘घराच्या दर्शनी भागावर चिकटवले.’

दर्शनी! हा शब्द तर मी रोज वाचत होते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, रेशन दुकानात, शाळेत : ‘सदर फलक दर्शनी भागात लावावा.’ ‘कन्स्पिक्युअस’चा मराठी अर्थ माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला होता आणि मी वहीत ‘ठळक’ घोकत बसले होते. आमचं प्रकरण वकिलांनी अर्ज देऊन पुन्हा उभं केलं, पण त्यात वेळ गेला, पैसा गेला आणि बाबांची झोप गेली.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा :

कायद्याच्या इंग्रजीत ‘कन्स्पिक्युअस प्लेस’ किंवा ‘कन्स्पिक्युअस पार्ट’ म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सहज नजरेस पडेल अशी जागा. महत्त्वाची जागा नव्हे, पवित्र जागाही नव्हे. दार, फाटक, ओसरीची भिंत.

तुम्ही समन्स स्वीकारलं नाही तरी ते रीतसर चिकटवलं गेलं असेल तर ‘मिळालं नाही’ एवढंच म्हणून सुटता येत नाही. घर बंद करून जाणार असाल तर शेजारच्याला सांगून ठेवा की दारावर काही चिकटवलं तर लगेच फोटो काढून पाठव.

हाच शब्द आणखी काही ठिकाणी भेटेल. स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा आदेश त्या मालमत्तेच्या आणि कोर्टाच्या इमारतीच्या ‘कन्स्पिक्युअस’ भागावर लावतात. थकीत कर्जापोटी बँकेने सरफेसी कायद्याखाली ताबा घेतला, तर २००२ च्या नियमांनुसार ताब्याची नोटीस बाहेरच्या दारावर किंवा अशाच जागी लागते (शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागू नाही, हेही जाता जाता सांगते). २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा मालकाला सांगतो की छळाचे दंडात्मक परिणाम आणि अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश ‘कन्स्पिक्युअस’ जागी लावा. जिनिंगमध्ये, दुकानात, दवाखान्यात नोकरीला लागलात तर पहिल्या दिवशी तो कागद कुठे आहे ते पाहा. कपाटाच्या मागे असेल तर तो लावलेला नाही असंच समजा आणि तसं सांगा.

६. मराठीत कोणता शब्द घ्यायचा

एकच पक्का अर्थ नाही. जागा असेल तर ‘दर्शनी’. रंग, कपडा, माणूस असेल तर ‘उठून दिसणारा’, ‘नजरेत भरणारा’. फरक किंवा बदल असेल तर ‘ठळक’ चालतो, खरं तर तिथेच चालतो. ‘लक्षवेधी’ जपून वापरा, त्यात कौतुक आहे. ‘कन्स्पिक्युअस’मध्ये स्वतःहून कौतुकही नाही आणि निंदाही नाही, ती वाक्यातून येते.

एका अर्थाला मात्र मराठीत सुटा शब्द सापडत नाही : ‘फील कन्स्पिक्युअस’. अमरावतीच्या हॉस्टेलवर पहिल्या दिवशी मी गावात शिवलेला, जत्रेसाठी घेतलेला चमकीचा ड्रेस घालून गेले होते. बाकी मुली साध्या कुर्त्यांत. जेवणाच्या रांगेत जे वाटलं ते आमच्या वऱ्हाडीत असं : ‘सगळे माह्याकडेच पाहून राह्यले.’ माझ्या मते ‘आय फेल्ट कन्स्पिक्युअस’चं याहून चांगलं भाषांतर नाही. परीक्षेत ‘अवघडल्यासारखे वाटले’ लिहा, पण मनात हे वऱ्हाडी वाक्य ठेवा.

७. ठरलेल्या जोड्या पाठच करा

काही शब्दांसोबत हा शब्द नेहमी फिरतो.

‘कन्स्पिक्युअस बाय हिज अ‍ॅब्सेन्स’ : गैरहजेरीच उठून दिसणे. इसवी सन २२ मध्ये रोममध्ये जुनिया नावाच्या वृद्ध स्त्रीची अंत्ययात्रा निघाली. ती सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅसियसची बायको आणि ब्रूटसची बहीण. वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांचे मुखवटे यात्रेत मिरवले, पण त्या दोघांचे नव्हते. इतिहासकार टॅसिटसने लिहिलं की ते दिसत नव्हते म्हणूनच सर्वांत जास्त झळकले. इंग्लंडच्या लॉर्ड जॉन रसेलने १८५९ मध्ये हीच कल्पना इंग्रजीत वापरली आणि तिथून हा वाक्प्रचार रूढ झाला. आपल्याकडे मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीच्या मागे मामा उभा नाही, तर मांडवात हजार माणसं असली तरी सगळ्यांना मामाचं नसणंच दिसतं. तोच हा अर्थ. इथे नेहमी ‘बाय’ येतं.

‘कन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’ : अर्थशास्त्राच्या पेपरात विचारतात. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्ये हा शब्दप्रयोग मांडला. गरजेसाठी नव्हे, तर आपली ऐपत लोकांना दिसावी म्हणून केलेला खर्च. व्याजाने पैसे काढून लग्नात डीजे आणि आतषबाजी करतात, त्याला हे नाव आहे. मराठीत ‘दिखाऊ उपभोग’ लिहा.

‘कन्स्पिक्युअस ब्रेव्हरी’ : परमवीर चक्र शत्रूसमोरच्या ‘मोस्ट कन्स्पिक्युअस ब्रेव्हरी’साठी देतात. इथे शब्दाला पूर्ण मान आहे. ‘ठळक शौर्य’ असं भाषांतर करू नका, ‘असामान्य शौर्य’ म्हणा. कीर्ती चक्राच्या व्याख्येत ‘कन्स्पिक्युअस गॅलंट्री’ आहे, शत्रूसमोर नसताना दाखवलेली.

कारण सांगायचं असेल तर ‘फॉर’ : ‘शी वॉज कन्स्पिक्युअस फॉर हर करेज.’ पोशाखाला ‘इन’ : ‘कन्स्पिक्युअस इन अ रेड शर्ट.’ तुलना करताना ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’, शेवटी ‘ईआर’ लागत नाही. क्रियाविशेषण ‘कन्स्पिक्युअसली’.

८. हमखास फसवणारे शब्द

‘कॉन्स्पिरसी’ : सुरुवात सारखी दिसते पण घराणं वेगळं. तिथे ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे. एकत्र श्वास घेणारे, म्हणजे कट करणारे. समानार्थीच्या पर्यायांत हा मुद्दाम घुसवलेला असतो.

‘पर्स्पिक्युअस’ : घराणं तेच, पण अर्थ समजायला सोपं, सुबोध. लेखन ‘पर्स्पिक्युअस’ असतं, बोर्ड ‘कन्स्पिक्युअस’ असतो.

‘ऑब्व्हियस’ : हा बुद्धीला उघड. कधीकधी दोन्ही चालतात, पण गणिताचं उत्तर ‘कन्स्पिक्युअस’ नसतं.

समानार्थी विचारला तर ‘नोटिसेबल’, ‘प्रॉमिनंट’, ‘स्ट्रायकिंग’ यांतला पर्याय शोधा. विरुद्धार्थी ‘इनकन्स्पिक्युअस’, तो नसेल तर ‘हिडन’ किंवा ‘ऑब्स्क्युअर’. ‘फेमस’ पर्यायात असेल आणि ‘नोटिसेबल’ही असेल, तर हात ‘नोटिसेबल’कडेच जाऊ द्या.

९. सराव

आज घरी जाताना रस्त्यात दिसलेल्या तीन गोष्टी निवडा आणि प्रत्येकीवर या शब्दाचं एक इंग्रजी वाक्य वहीत लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका, तुमच्या रस्त्यावरचंच हवं. मग खालची वाक्यं वाचून ठरवा, शब्द बसतो की नाही.

पोळ्याच्या तोरणाखाली सगळ्या बैलांच्या पाठीवर झुली, एकाच जोडीच्या नाहीत. बसतो. सजलेल्या रांगेत न सजलेली जोडीच उठून दिसते.

वरूडचा संत्रा दूरवर प्रसिद्ध आहे. बसत नाही, तिथे ‘फेमस’.

तुरीच्या शेंगेत दाणा भरला नाही, हे बाहेरून कळलं नाही. ‘इनकन्स्पिक्युअस’.

ग्रामसभेला सगळा गाव आला, सरपंचच नव्हते. ‘कन्स्पिक्युअस बाय अ‍ॅब्सेन्स’.

त्याच ग्रामसभेला परवाच गावात राहायला आलेला भाडेकरू नव्हता. बसत नाही. तो येईल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे त्याचं नसणं कुणाला दिसलं नाही.